खालच्या पट्टीतली कानबाई

माझे यजमान पांडेसऱ्यातल्या कापड कारखान्यात लूमवर काम करतात. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं, नाहीतर हातवारे. अर्धं आयुष्य त्या खडखडाटात गेल्यावर कान शाबूत राहतील अशी आशा मी ठेवली नव्हती. मी मराठी शाळेत शिकवते. माझा आवाज मैदानाच्या पलीकडे पोचतो. घरीही मी तोच आवाज लावायचे. ते वैतागून म्हणत, "वरडू नको. आवाज येस, शब्द येत नही."

मला तो टोमणा वाटे. शेवटी त्यांना कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं की लूमने यांचे वरचे सूर नेले आहेत, खालचे बरेच शिल्लक आहेत. आवाज चढवला की तो नेमका जिथे ऐकू येत नाही तिथे जातो. खाली बोला, सावकाश, समोर उभं राहून. कानाचं मशीनही दिलं, पण गर्दीत ते सगळाच गोंगाट मोठा करतं, म्हणून हे काढून ठेवतात.

घरातलं बोलणं त्या आठवड्यातच सुधारलं. राहिला प्रश्न कानबाईचा.

श्रावणात आमच्या गल्लीतल्या खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी बायकांच्या डोक्यावरून वाजतगाजत कॅनॉलवर विसर्जनाला निघते. ढोलकी यांची. हे पुढे चालतात, गाणाऱ्या बायका मागून. कडवं संपलं की ढोलकीने लय वाढवायची आणि बायकांनी फुगडी धरायची. मागच्या वर्षी यांना कडवं संपल्याचं कळलंच नाही. लय वाढेना, फुगडीला उभ्या राहिलेल्या बायका हसू लागल्या. यांनी ढोलकी माळ्यावर टाकली आणि यंदा दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं. ते पुन्हा वाजवतात की नाही याची काळजी मला होती, कारण गावाकडून त्यांनी जपून आणलेली ती एकच गोष्ट.

गल्लीने मनापासून एक उपाय काढला: माईक आणायचा आणि कर्णा थेट यांच्या पाठीशी ठेवायचा. आदल्या आठवड्यात यांना कसंबसं राजी करून, ढोलकी माळ्यावरून काढून तसं करून पाहिलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती. आवाज भिंतींवर आपटून परत येई आणि एक कडवं दुसऱ्यात मिसळे. यांनी नकारार्थी मान हलवली.

मग मी जाऊबाईंकडे गेले. सगळ्यांच्या आधी गाणं उचलणाऱ्या त्याच, आणि आपला उंच सूर कॅनॉलपर्यंत जातो याचा त्यांना मोठा अभिमान. मी म्हटलं, कर्णा नको, पण गाणं खालच्या पट्टीत घ्या, शब्द तोडून म्हणा, आणि यांच्या मागे नाही, बाजूने चला, म्हणजे त्यांना तुमचं तोंड दिसेल.

"मी आता गडीमाणसासारखं गाऊ का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या बराच वेळ कुरकुरल्या. देवीला हा सूर कसा वाटेल, बायका काय म्हणतील, हेही झालं. पण सोमवारी हे माझ्या आग्रहाने ढोलकी घेऊन निघाले आणि जाऊबाईंनी सूर खरोखर खाली उतरवला. त्यांच्या गळ्याला तो सोसत नव्हता, हे दिसत होतं. बाकीच्या बायकांनी तो उचलला आणि झांजा बंद ठेवल्या. पहिलं कडवं संपलं, तशी ढोलकीने लय वाढवली. फुगडी नीट सुरू झाली. मग दुसरं कडवं, तिसरं, रस्त्यापर्यंत.

कॅनॉलच्या कडेला जाऊबाईंनी यांच्यासमोर येऊन विचारलं, "ऐकू उनं का, भाऊ?"

"उनं," हे म्हणाले. "पण वहिनी, ताल तुम्हनाच चुकस."

त्या इतक्या हसल्या की डोक्यावरची कानबाई दुसऱ्या बाईला धरायला द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा पार बसला. मी मिठाचं गरम पाणी घेऊन गेले. आभार मानले असते तर त्या चिडल्या असत्या, म्हणून त्यांच्या मोरीतली भांडी घासली, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवला आणि घरी आले. हे दाराशी बसून ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते.