धाकली आणि लोकरीची पिशवी

धाकली कुणाशी गोड बोलायला लागली की आमच्या माले गावात लोक सावध व्हायचे. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा सडा घालताना सुरू व्हायचा तो दिवे लागले तरी चालूच. पण ज्याच्यावर ती खरी चिडली, त्याला 'या, बसा, च्या घ्या' म्हणायची आणि मग असं काही सुनवायची की चहा कपातच राहायचा. ही माझी चुलती. तिघी जावांत धाकटी, म्हणून साऱ्या गावाला धाकलीच. मधली जाऊ म्हणजे माझी आई. ती मला जन्म देऊन गेली, तेव्हा धाकलीचा गणपा अंगावर पीत होता. एका बाजूला गणपा, दुसऱ्या बाजूला मी, असं तिने आम्हाला वाढवलं. "डावी तुजी," ती म्हणायची, "लई चावायचीस, भवाने."

मी लग्नाला आले त्या सुमारास त्याच डाव्या बाजूला गाठ झाली. एवढी तोंडाळ बाई, पण ती गाठ मात्र तिने लपवली. पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. इस्पितळात सगळी बाजूच काढून टाकली. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, पोटाची कातडी थोडी थोडी सोडवून वर आणता येते, नवीन छाती करता येते. पण पुन्हा पुन्हा कापावं लागेल आणि वर्ष जाईल. धाकलीने विचारलं, "आन् भाताच्या आवणीला कोन, तुमच्या नर्सबाई येनार व्हय?" आणि गाठोडं बांधून घरी आली. त्या वर्षी तिला आवणीची रोपं लावणं काही जमलं नाही, हातच वर जात नव्हता. मग बांधावर बसून ती सगळ्यांच्या नावाने शंख करत राहिली.

गावाने तेव्हा जे केलं ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. थोरली, म्हणजे माझी मोठी चुलती, पाणवठ्यावर सांगत सुटली की दुसऱ्याचं लेकरू पाजलं म्हणून धाकलीच्या नशिबी हे आलं. त्या बाईच्या जिभेला हाडच नव्हतं. बायका धाकलीच्या हातचं पाणी घेईनात, रोग लागतो म्हणे. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. माझे धाकटे काका हे सगळं ऐकत ओसरीवर तंबाखू मळत बसायचे. त्यांच्याविषयी एवढंच पुरे.

मग धाकलीने आपलं आपणच उभं करायला घेतलं. कापडाची पिशवी शिवून तिच्यात भाताचा कोंडा भरला आणि ती चोळीत बसवली. कोंडा टोचायचा, आणि आमच्याकडच्या पावसात त्याला कुबट वास यायचा. कापूस भरला तर तो संध्याकाळपर्यंत भाकरीसारखा चपटा. शेवटी आमच्या शेतात मेंढरं बसवणाऱ्या धनगरणीने ओंजळभर पिंजलेली लोकर दिली आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. त्या दिवसांत मला भेटलेली तेवढी एकच शहाणी बाई. लोकर फुगून राहायची, पण हलकी, त्यामुळे ती बाजू वर चढायची. म्हणून धाकलीने नदीतला एक गुळगुळीत गोटा लोकरीत गुंडाळला. मला समोर उभी करून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते विचारायची. व्रणावर घासून तिची कातडी लालभडक व्हायची. एकदा मी चिडून विचारलं, कशाला एवढा आटापिटा?

"तुजी वटी मला भरायचीय," ती म्हणाली. "थोरलीला बोट दावायला जागा ठेवायची न्हाई."

ओटी भरणारी सवाष्ण अव्यंग लागते, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात. कुणी ठरवलं देव जाणे.

माझ्या लग्नात पाठवणीची वेळ झाली. मी पाटावर बसले. धाकली तांदूळ-नारळ घेऊन पुढे आली, पदर चापूनचोपून घेतलेला, दोन्ही बाजू अगदी सारख्या. तेवढ्यात थोरलीने तिचं मनगट धरलं. माझ्या सासरच्या बायकांसमोर म्हणाली, हे लोकरीचं सोंग घरात चालेल, ओटीला नाही. पोरीच्या संसाराला अपशकुन करू नकोस.

धाकली गोड हसली, तेव्हाच मी ओळखलं. तिने पदराआड हात घातला, पिशवी काढली आणि थोरलीच्या हातात ठेवली.

"आक्का, अव्यंग पायजे न्हवं? हे घ्या. तुमी धरून बसा, तवर मी माज्या पोरीची वटी भरते."

थोरलीला ती टाकताही येईना आणि ठेवताही येईना. धाकलीने माझी ओटी भरली. तिचा पदर डावीकडे सपाट पडला होता. मला ती त्या दिवशी जितकी देखणी दिसली तितकी कधीच दिसली नव्हती.

ती पिशवी तिने परत मागितली नाही, दुसरी शिवलीही नाही. तशीच बाजारात गेली, तशीच लग्नांना गेली, आणि बघणाऱ्याला 'काय राह्यलं का बघायचं?' म्हणून विचारत राहिली. पुढे दुखणं उलटलं. निरोप मिळाल्यावर मी तान्ह्या मुलीला घेऊन धावत आले, पण सगळं संपलं होतं. तिला अंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. तेवढ्यात थोरली आतून ती पिशवी घेऊन आली. इतके दिवस जपून ठेवली होती मेलीने. डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "असं अपुरं न्हेऊ नगा तिला. चोळीत ठिवा."

"तुम्हीच धरून बसा, थोरल्या काकी," मी म्हटलं, आणि धाकलीची ओटी भरायला घेतली.