आभार मानलेलं अर्धं वाक्य

आमचे हे विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. शनिवारी संध्याकाळी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ते कोणालाही खुलं असं व्याख्यान देत, मग चर्चा. सुरुवातीला लोक दारात उभे राहून ऐकत. पुढे सोसायटीतली निम्मी मुलं हिंजवडीला आयटीत लागली, हॉल आठवडाभर कॉम्प्युटरच्या क्लासला भाड्याने गेला, आणि शनिवारी पेन्शनर, मी आणि प्लॅस्टिकची झाकणं घातलेले कॉम्प्युटर एवढेच उरलो. ह्यांना त्याचं काही नव्हतं. ऐकणारा एक असला तरी बोलायचं, हा त्यांचा हट्ट.

त्याच सुमारास त्यांचे शब्द हरवू लागले. चष्म्याला ‘ते, डोळ्यांचं’ म्हणाले, तेव्हा मी हसले. डॉक्टरांकडून आल्यावर हसले नाही. ह्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. “चारचौघांत मी अडलो तर सावरायचं नाही. शाळकरी पोराला सांगतात तसं हळूच सांगायचं तर मुळीच नाही.” मी दिला. दुसरं काय करणार?

मग एका शनिवारी विषय होता ‘दिलेला शब्द’. सकाळी चहा घेताना त्यांनी व्याख्यानातलं शेवटचं वाक्य मला ऐकवलं. “दिलेला शब्द आपण पाळतो, कारण एकदा दिला की तो आपला राहत नाही.”

मी म्हटलं, “चहा निवतोय.”

संध्याकाळी सगळं ठीक चाललं. अगदी शेवटी ते म्हणाले, “दिलेला शब्द आपण पाळतो, कारण...” आणि थांबले. टेबलाची कड धरून, माझ्याकडे न बघता. उरलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी पदर तोंडाशी धरून बसले.

तेवढ्यात आमचे आभारवाले उठले. बँकेतून निवृत्त झालेले. दर शनिवारचे आभार त्यांचेच. पुण्यात आभार मानल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही, आणि एकदा मानले की वक्त्याला तोंड उघडता येत नाही. “कारण प्रत्येकाने घरी जाऊन शोधावं, असं सरांनी सुचवलं आहे,” ते म्हणाले. “त्यांचे मनःपूर्वक आभार.” टाळ्या पडल्या. त्या गृहस्थांनी ह्यांना वाचवलं की मध्येच कापलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टाळ्यांतही ह्यांचे ओठ हलत होते.

घरी येऊन दार लावलं आणि मी वाक्य पुरं केलं. तेवढी मुभा होती मला. ह्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

“छान आहे,” म्हणाले. “कोणाचं?”

ते गेले तेव्हा शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. शोकसभेत आभार मानत नाहीत. सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि न बोलता पांगले. या खेपेला ह्यांना कोणी थांबवलं नाही.

आता त्या हॉलमध्ये जिम आहे. पण शनिवारी संध्याकाळी चहा ठेवला की बाहेरच्या खोलीतून ‘कारण...’ ऐकू येतं, स्पष्ट, त्यांच्याच आवाजात. मला भीती वाटते, आणि ते ऐकू यायचं थांबेल याची जास्त वाटते. चारचौघं तर नसतातच, म्हणून मी वाक्य पुरं करते. मग गॅस बारीक करून उभी राहते. कोणाचं म्हणून विचारलं, तर सांगायला हवं.