पुसलं का लगेच बोलाचं नाही

दारव्ह्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत मी बसले, तेव्हा मला पोचवायला आमचं अर्धं गाव बैलगाड्या जुंपून स्टेशनात आलं होतं. मी गावातली हुशार पोरगी, आणि हुशार पोरगी मुंबईला नोकरीला चालली होती. माय डोळ्यांना पदर लावून उभी. बाबा मात्र गार्डाला यंदाच्या पऱ्हाटीला कापूस किती आला त्याची हकिकत सांगत होते, जसं काही गार्डालाच पोचवायला आले आहेत. शिट्टी झाली तसे खिडकीशी आले आणि म्हणाले, "डोकं शाबूत ठेवजो."

तेव्हा स्टेशनात मागे राहिलेल्यांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आता नाहीत. आणि माझ्यासारखे गाडीत बसून गेलेल्यांनो, तुम्हाला तर हे सांगावंच लागणार नाही. तरी सांगते. त्या डोक्याचं पुढे काय झालं, ते एकदा नीट सांगायचं राहून गेलं आहे.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. गावात त्याने काही हललं नाही. फक्त नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून असलेला माझा मामा बदलून मुंबईला गेला. दोनेक वर्षांनी त्याने कळवलं, इथं ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडायच्या कामावर, मॅट्रिक झालेल्या मुली घेतात, सुमनला पाठवा. मी मॅट्रिक झालेली होतेच. इंग्रजीत तर गुरुजींनी माझी पाठ थोपटली होती.

पण गावात मला हुशार म्हणत, ते मार्कांमुळे नाही. आमच्या घरात एक शिरस्ता होता, पुसलं का लगेच बोलाचं नाही. कोणी ओट्यावर येऊन बाबांना विचारायचं, औंदा खालच्या वावरात तूर पेरू का? बाबा तंबाखू मळत बसायचे. विचारणाराही बसायचा. कोणी कोणाला हलवायचं नाही. बऱ्याच वेळाने बाबा बोलायचे, आणि तेही जेमतेम. लहानपणी एकदा मी फाटकन मध्ये बोलले, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "पुसल्याबरोबर जो बोलते, तो पुसनाऱ्याले हलका समजते." एवढं सोपं असतं तर तो माणूस उन्हातून चालत आला असता का, असं त्यांचं म्हणणं.

ते माझ्या अंगात मुरलं. मला काही विचारलं की मी आधी गप्प व्हायची. गुरुजी आमच्याच बाजूचे, ते वर्गाला सांगायचे, थांबा, सुमन इचार करून राह्यली. शेजारचा मधुकर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचा, तर त्याचं नाव गावानं फटफटी ठेवलं होतं. हा बिचारा मुंबईत जन्मला असता तर साहेब झाला असता, हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईत मला बोर्डासमोर उंच स्टुलावर बसवलं. कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा, हातात वायर. दिवा लागला की वायर खुपसायची आणि "येस प्लीज" म्हणायचं. पलीकडचा माणूस म्हणणार, सोलापूर अमुक नंबर, अर्जंट. मी ऐकायची, आणि सवयीप्रमाणे गप्प व्हायची. एवढ्यात तो ओरडायला लागायचा. हॅलो! हॅलो! कोणी आहे का तिथे? गावात मी गप्प झाले म्हणजे मी पूर्णपणे तिथं आहे असं समजायचे. तारेवर मी गप्प झाले म्हणजे तिथं कोणीच नाही.

बाकीच्या मुलींनी माझं नाव ट्यूबलाइट ठेवलं. दुष्ट नव्हत्या त्या, माझ्या डब्यातला ठेचा आवडीने खायच्या. पण नाव बसलं ते बसलं. रात्री मामाच्या खोलीत मी छताकडे बघत पडायची. मूर्तिजापूरला गाडी बदलताना ट्रंक उतरवली, वळकटी उतरवली, अन् डोकं डब्यातच राहिलं की काय? दोन दिवसांच्या प्रवासात हुशार मुलगी मंद कशी होते?

आज मी त्याचा हिशोब लावू शकते. गावातले प्रश्न पेरणीचे, सोयरिकीचे, वाटणीचे. तिथं चुकलं तर वर्ष जातं, कधी जन्म जातो, म्हणून तिथं थांबणारा हुशार. बोर्डावर चुकलं तर वायर काढून दुसरीकडे लावायची, पण थांबलं तर कोणाचा तरी कॉल वाया जातो. दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या जागी बरोबर होती. पण हे आजचं शहाणपण. तेव्हा मला एवढंच वाटायचं की मी मूर्ख आहे आणि आजवर गावाला ते कळलं नव्हतं. फार वाईट दिवस होते ते.

ट्रेनिंगची मुदत संपत आली. माझं कन्फर्म होणं कठीण आहे, हे मामाने घरी कळवलं. इकडे दारव्ह्याच्या एका मास्तरांचं स्थळही सांगून आलं होतं. मायचं म्हणणं, पोरगी आणा. म्हणून बाबा आले. पांढरं धोतर, टोपी, आणि पॉलिश केलेल्या लाद्यांवरून जपून पडणारी पावलं. आमच्या सुपरवायझर मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बाई भली होती. म्हणाली, आणखी एक महिना देते, नाहीतर मुलीने आपणहून राजीनामा द्यावा, म्हणजे काढून टाकल्याचा डाग लागणार नाही. मग बाबांना विचारलं, "रखना है या ले जाना है?"

बाबा गप्प झाले. खाली बघत, हात गुडघ्यांवर.

मॅडमनी पुन्हा विचारलं, आता जरा मोठ्याने. मग एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला विचारावं तसं. बाबा तसेच. तेव्हा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. लेक अशी का आहे ते आत्ता उमगलं, असं ती नजर म्हणत होती. ज्या माणसाला विचारायला लोक आसपासच्या खेड्यांतून येत, त्याला माझ्यासमोर मंद ठरवलं गेलं होतं. मला इतका संताप आला की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

"वो सोच रहे हैं," मी म्हणाले. "आप रुकिए."

मॅडम थांबल्या. बाहेर बोर्ड खणखणत होता, तरी थांबल्या, याबद्दल मी त्यांचे उपकार मानते. बऱ्याच वेळाने बाबांनी मान वर केली.

"मले नाही समजत, बाई," ते म्हणाले. "डोकं तिचं हाये, तिले पुसा." मग स्वतःच माझ्याकडे वळले. "सुमे, राह्याचं का घरी याचं?"

आणि ते वाट बघायला नीट टेकून बसू लागले. घरी मला काही विचारलं की बसत तसेच. ते पुरते टेकायच्या आत मी म्हणाले, "राहते."

मॅडम खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. "देखा! कितनी क्विक!" त्यांना वाटलं, पोरगी आज हुशार झाली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असं उत्तर दिलं होतं. थोड्या वेळाने ते "बरं" म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना बोरीबंदरला सोडायला गेले. बाकावर बसलो होतो. माय काय म्हणेल, मास्तरांना काय कळवायचं, यातलं ते काहीच बोलले नाहीत. हमाल येत-जात होते. मग म्हणाले, "एवढ्या लवकर बोलली, म्हंजे तू लय दिवसापासून इचार करून राह्यली असन. हो ना?"

मला हो म्हणवेना. नाही म्हणवेना. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी परत विचारलं नाही, उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले.

मी कन्फर्म झाले, पुढे दुसऱ्यांना शिकवायलाही लागले. लग्न इथेच झालं. साठ साली महाराष्ट्र झाला, त्यातही दारव्हा आणि मुंबई एकाच राज्यात राहिली. दिवाळीला जायची तेव्हा बाबा ओट्यावर असायचे. आम्ही तासन्‌तास बसायचो. त्या बाकावरचं उत्तर त्यांनी कधी मागितलं नाही आणि मी दिलं नाही, आणि ते गेले.

आता कोणी विचारतं, तुमचं घर कुठे? मी ताबडतोब सांगते, मुंबईला. तेवढं ऐकून माणूस पुढे निघूनही जातो. दारव्हा म्हणायला मला वेळ लागतो.