सत्तावीस नंबरचा दिवा

"सर, सत्तावीस नंबर आजही खाली गेला," लॅम्परूममधल्या सुनंदाताई म्हणाल्या.

सत्तावीस नंबर डोमाचा होता. आणि खाणीत छत कोसळून डोमा गेला, त्याला महिना झाला होता.

मी तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीज खाणीत वेल्फेअर ऑफिसर होतो. खाली उतरताना प्रत्येक जण आपल्या नंबरचा कॅप लॅम्प, म्हणजे हेल्मेटला लावायचा दिवा घेतो आणि त्या जागी टोकन अडकवतो. खाली कोण आहे ते त्यावरून कळतं. डोमाच्या हुकावर टोकन नसायचं. दिवा मात्र शिफ्टच्या गर्दीत रोज जायचा आणि शिफ्ट संपली की परत यायचा. बॅटरी उतरलेली, काचेवर ओली माती.

डोमा गेला तो बोगदा, ती बंद केलेली गॅलरी, तिकडे उजेड दिसतो, अशी कुजबुज सुरू झाली. दोघांनी कामावर येणंच सोडलं.

मॅनेजर म्हणाले, "दिवा कुलपात ठेवा. विषय संपला."

"साहेब, तो कोण नेतं ते तर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला सुपरवायझरसोबत मी उतरलो. शेवटच्या वळणावर त्याने माझा दंड घट्ट धरला. पुढे उजेड होता. अजिबात न हलणारा. आणि कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मध्येच थांबायचं, जणू उत्तर ऐकतंय.

"जेवला का गा?... मी बी नाई जेवलो."

गॅलरीच्या तोंडाशी घातलेल्या कुंपणाच्या अलीकडे शिवलाल बसला होता. आंबागडचा. डोमाचा कामावरचा जोडीदार. समोर दगडावर सत्तावीस नंबरचा दिवा.

"शिवलाल, काय करून राहिला इथं?"

"हळू बोला, साहेब. आता कुठं शांत झाला तो." मग म्हणाला, "त्या दिवशी त्याचा दिवा विझला होता. मले आवाज देऊन राहिला होता, 'शिवा, दिसून नाई राहिलं.' मी पळालो जी."

मी त्याच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने तो उठला. दिवा मी उचलला, पण बंद करायला हात धजेना. वरपर्यंत पेटताच आणला.

मॅनेजरना शिवलालला चार्जशीट द्यायची होती. मी अपघाताची फाइल उघडली. छताचे बोल्ट, लाकडी टेकू, खडकाचे फोटो, सगळं होतं. शिवलालबद्दल एकच ओळ होती : 'प्रत्यक्ष साक्षीदार. इजा नाही.'

मॅनेजरनी ती दोनदा वाचली. "काय करायचं म्हणता?"

"वरचं काम द्या. आणि दर आठवड्याला भंडाऱ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. भरपगारी."

शिवलाल वर्षभर स्टोअरमध्ये होता. पहिले चार महिने मीच सोबत जायचो. हळूहळू झोपू लागला, जेवू लागला. खाली परत कधी गेला नाही, आम्हीही जा म्हटलं नाही.

त्यानंतर अपघात झाला की, जो धडधाकट वर आला, त्याच्या घरी मी आधी जायचो.