रेतीच्या डब्यातले मोबाईल

मेलेल्या मोबाईलची माझ्या मोठ्या साडूंइतकी काळजी वाहणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा नसेल. पाहुणा घरी आला की पाणी मागतो. हे जुना मोबाईल मागतात. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर पोहे येईपर्यंत यांनी मुलीच्या बापाकडून कपाटातले दोन बंद फोन काढून घेतले आणि वर "घर चांगलं आहे, काही लपवत नाहीत" असा निकालही दिला. फुगलेली बॅटरी पेट घेते म्हणून ते कोरड्या रेतीनं भरलेला स्टीलचा डबा घेऊन फिरतात, आणि जुने फोन रीतसर गोळा करणाऱ्या गोंदियातल्या दुकानात स्वतः पोचवून येतात. बसमध्ये शेजारचा माणूस लाडवांच्या आशेनं डब्याकडे पाहत बसतो. त्यांचा वैरी एकच: मोटारसायकलवर भोंगा लावून "पुराना मोबाईल दो, टोकरी लो" करत येणारा फेरीवाला. आमच्या केशोरी गावात साडू त्याच्या मागोमाग गल्लीगल्लीत फिरले. "टोपलीसाठी कायले देता जी? तो आतल्या तांब्यासाठी पेटवन, अन् धूर आपल्याच धानावर बसन!" बायका म्हणाल्या, "मंग तुमी काय देता?" तेव्हापासून साडू टोपल्याही बाळगतात.

गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या आईचा बटणांचा फोन फुगून त्याचं झाकण रबरानं बांधलेलं होतं. रोज तो तिच्या उशाखाली. पण आई द्यायला तयार नाही.

"आई, पेटला तं? काऊन धरून बसल्या जी?"

"तिनावर माहा भाऊ आहे, बापू."

आईला अक्षरओळख नाही. तिची माणसं बटणांवर राहतात. एकावर मी, दोनावर माझी बायको, तिनावर मामा. मामा जाऊन दोन वर्षं झाली. मी साडूंना तसं खुणेनं सांगू लागलो, तर आईच म्हणाली, "गेला, मले मालूम आहे. पन तिनावर तोच आहे."

एरवी तासभर भाषण देणारे साडू उठले आणि बाजारातून बटणांचाच नवा फोन घेऊन आले. मग नव्या फोनमध्ये त्यांनी सगळी माणसं जिथल्या तिथं लावली, मामांचा बंद नंबरसुद्धा. आईनं तीन दाबलं. नंबर बंद असल्याचं फोनमधली बाई सांगत राहिली, आई ऐकत राहिली, आणि मग तिनं आपल्या हातानं जुना फोन रेतीत ठेवला. साडूबद्दल असं काही वाटण्याची आमच्याकडे पद्धत नाही, पण मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

"आता चारावर तुमी बसा," आई त्यांना म्हणाली.

अजूनही ती कधीतरी तीन दाबते. तिकडून भाऊ बोलत नाही. मग ती चार दाबते, आणि साडू हातातलं काम टाकून म्हणतात, "बोला आई."