आधी खाऊन घे, मंग जाय

एका घरात नोकरी करणाऱ्या तीन बाया, हाताशी एकच स्टोव्ह, आणि सकाळी तिघींनाही घाई. एवढं जुळून आलं की किस्से जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात!

आमचं ते घर अमरावतीतलं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. घरमालकीण यमुनाकाकू. यजमान गेलेले, मुलगा नोकरीला नागपूरला. मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं दिल्या होत्या. एकीत मी, सुमन. गाव दर्यापूर, काम टेलिफोन ऑपरेटरचं. माझ्यासोबत मालती, पुण्याहून इथल्या मुलींच्या शाळेवर शिकवायला आलेली. दुसऱ्या खोलीत कुसुमताई. ती भातकुलीकडची, दवाखान्यात नर्स होती. वयानं आमच्यापेक्षा मोठी, आणि बोलणं असं की ऐकूनच ताप उतरावा!

*

माझी ड्यूटी सकाळी सहाची. उठायचं, अंघोळ, वेणी, की सुटायचं. "चहा घेतला की झालं," असं मी म्हणायची. तो चहाही पुष्कळदा राहायचा.

तेव्हा नंबर फिरवायची सोय नव्हती. कोणी फोन उचलला की आमच्यासमोरच्या बोर्डावर खूण व्हायची. मग आम्ही वायर खोचून "नंबर प्लीज" म्हणायचं. एका सकाळी कापसाच्या एका व्यापाऱ्याचा अकोल्याला ट्रंक कॉल होता. लाइन काही लागेना. सेठजी फोन धरून बसलेले, मीही धरून बसलेली. आणि माझ्या पोटानं असा सूर लावला की विचारू नका! आमचा बोलायचा भोंगा छातीवर अडकवलेला असायचा, पोटाच्या अगदी शेजारी.

"बाई, लाइनीवर हे काय गुरगुरून राह्यलं?"

"लाइन खराब आहे, सेठजी."

पुन्हा तोच आवाज! सेठजी अगदी बापाच्या मायेनं म्हणाले, "लाइन नाई, बाई. पोट आहे थे. आधी खाऊन घ्या. कापसाचा भाव काही पळून नाई जात!"

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. कुसुमताई हसली नाही. तिनं मला उजेडात नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "रक्त नाई अंगात. उद्या बोर्डावर पडशीन, तं सेठजी येतीन का उचलायले?"

दुसऱ्या दिवसापासून कायदा सुरू झाला. संध्याकाळीच ज्वारीच्या कण्या भिजत घालायच्या. सकाळी त्या दहा मिनिटांत शिजतात. वरून ताक, मीठ आणि लसणाची फोडणी. वाटी रिकामी झाल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. कुसुमताई स्वतः दारात पाट टाकून बसायची.

काकू म्हणाल्या, "कुसुम, हे घर हाय का नाका?"

"नाकाच हाय, काकू. आधी खाऊन घ्या, मंग जा!"

*

मालती नवीन आली तेव्हाची गोष्ट. पहिल्याच सकाळी ती घाबरीघुबरी होऊन माझ्याकडे आली. "सुमन, घरात पुरुषमाणूस नाही म्हणून सांगितलं होतंस ना? आत्ता न्हाणीतून आवाज आला, 'मी आंघोळ करून येतो' म्हणून!"

त्या काकू होत्या! आमच्याकडे बायाही 'येतो', 'जातो', 'करतो'च म्हणतात. हे तिला पटवायला आठवडा गेला.

मग आली उकडपेंडी. पीठ खमंग भाजायचं, फोडणीत कांदा परतायचा, ताकाचा हबका मारायचा आणि झाकण ठेवायचं. वेळ नसला की काकूंचा हाच नाश्ता. मालतीनं नाव ऐकलं आणि ताटली हळूच बाजूला सारली.

"काकू, रागावू नका. पण आमच्याकडे पेंड गुरांना घालतात हो."

काकूंना आधी समजलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. "अवं, ढेप म्हणतं का तू? ढेप गाईले देतो आमी. तू गाय हायस का? खाऊन पाह्य, मंग बोल!"

मालतीनं घास घेतला. संपवून ताटली पुन्हा पुढं केली. मग अजून एकदा. पोट भरल्यावर पुण्याचा अभिमान जागा झाला. "आमच्याकडे असंच करतात. मोकळ भाजणी म्हणतात त्याला."

काकू भांडी उचलत म्हणाल्या, "म्हणत असतीन, माय. भरलं तं इथंच ना!"

*

दवाखान्यात एक परदेशी म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. मायदेशी परत जाताना त्यांनी कुसुमताईला पत्र्याचा एक डबा दिला. वर वाफाळत्या वाटीचं रंगीत चित्र, आत चपट्या, फिक्या पाकळ्या. "सकाळी घाईच्या वेळी फार उत्तम," असं बाई म्हणाल्या होत्या.

मालती इंग्रजी शिकवायची. साहजिकच डबा तिच्या ताब्यात गेला. "ओट्स!" तिनं जाहीर केलं. "पाणी उकळायचं, हे घालायचं, पाच मिनिटं हलवायचं. एवढंच! तुमच्या कण्यांचे लाड संपले आता."

तिनं स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं आणि पाच मिनिटं आहेत म्हणून तेवढ्यात पातळ नेसायला खोलीत गेली. निऱ्या काही मनासारख्या बसेनात. इकडे पातेल्यानं आवाज करणं सोडून दिलं. मालती परत आली तेव्हा तळाशी काळी भाकरी आणि वर राखाडी खळ! तीत डाव उभा राहत होता.

काकूंनी वाकून पाहिलं. "पाखरं धरायचा डिंक हाय का वं हा?"

एवढ्यात मालतीला न्यायला टांगा आला. टांगेवाले रहीमचाचा रोजचेच. मला त्या दिवशी सुट्टी होती. आवाज न करता आम्ही ते पातेलं आणि डबा बाहेर काढत होतो, तर त्यांनी चार कोरड्या पाकळ्या डब्यातून चिमटीत घेऊन पाहिल्या आणि चेहरा खुलला. "अरे, ये तो जई है! घोडे की पसंद की चीज!"

मालतीचा जीव भांड्यात पडला. अन्न वाया तरी जायचं नाही! तिनं पातेलं घोड्यापुढं धरलं. घोड्यानं हुंगलं, फुरफुर केलं आणि मान दुसरीकडे फिरवली. मालतीनं पातेलं तिकडे नेलं. घोड्यानं मान पुन्हा इकडे आणली!

रहीमचाचा हळहळले. "बाई, जई तो ये रोज मांगता. लेकिन आपने उसका किया क्या?"

उरलेला डबा पुढे कुसुमताईनं हातात घेतला. मंद आचेवर, दूध आणि गूळ घालून, तिथून न हलता. चांगलं लागायचं ते! मालती मात्र डबा संपेपर्यंत कण्याच खात राहिली.

*

कुसुमताईचा दुसरा कायदा रविवारचा. दवाखान्यात ती दिवसभर दुसऱ्यांची अंगं पुसायची, औषधं द्यायची. एकदा ती म्हणाली, "आपल्या अंगाकडं पाहायले कोणाले सवड हाय? हप्त्यातून एक सकाळ आपली!"

म्हणून रविवारी अंगणातल्या उन्हात बसायचं. केस मोकळे सोडायचे, डोक्याला कोमट तेल लावायचं, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. आणि घटकाभर कोणी एक शब्द बोलायचा नाही. नोकरीचा नाही, घरचा नाही, भाजीचासुद्धा नाही!

पहिल्या रविवारी आम्ही अशा बसलो. तिघींचे केस मोकळे, डोळे मिटलेले. काकूही कौतुकानं भिंतीला टेकून बसल्या. इतकं शांत, की मला तर झोपच लागत आली.

शेजारच्या सखूबाई पीठ मागायला आल्या. दारातच थबकल्या. आम्हाला पाहून त्यांनी हातातला डबा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला, हळूच येऊन काकूंच्या बाजूला टेकल्या आणि डोळ्याला पदर लावून विचारलं, "कवा झालं वं माय? आन् कोन गेलं?"

कुसुमताईनं डोळे न उघडताच सांगितलं, "कोणी नाई गेलं, सखूबाई. आजच कुठं जित्त्या झालो आमी!"

*

मला पाहायला अकोल्याची मंडळी यायची होती. मुलगा बँकेत कारकून, नाव वसंत. सोबत त्याची आई आणि मामा. माझे आईवडील दर्यापूरहून आदल्या दिवशीच आलेले. सगळं ठीक होतं, पण मला नोकरी सोडायची नव्हती. याआधी दोन ठिकाणं त्याच्यावरूनच मोडली होती, आणि वडील आता थकले होते. मी खाली मान घालून बसले.

चहा झाला. मुलाच्या आईनं तो प्रश्न विचारलाच. "लग्न झाल्यावर नोकरी सोडंन ना पोरगी? आमच्या घरी सकाळी चूल लवकर पेटते."

वडील जमिनीकडे पाहू लागले. पोह्यांच्या ताटल्या घेऊन आलेली कुसुमताई तिथंच थांबली.

"सोडंन का नाई, थे तिले इचारा. मले एकच सांगा, आई. चूल लवकर पेटते, तं पोरगा काय खाऊन जाते बँकेत?"

"काय सांगू बाई! निस्ता चहा. ऐकतच नाई!"

कुसुमताईनं वसंतरावांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "दिसूनच राह्यलं!"

मामांनी घसा खाकरला. माझ्या आईनं कपाळाला हात लावला. संपलं सगळं, असं मला वाटलं. आणि एकदम मुलगाच हसायला लागला. पोट धरून! मी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. माणूस हडकुळा होता खरा, पण हसणं छान होतं.

त्यानं मलाच विचारलं, "तुमी काय खाऊन जाता?"

"कण्या."

"मले जमतीन?"

"शिकाव्या लागतीन."

मी नोकरी सोडली नाही. अकोल्याला बदली करून घेतली. तिथं आमच्या घरी सकाळच्या कण्या ते करायला लागले. रोज थोड्या खाली लागतात. मी बोलत नाही!

*

आता जो किस्सा सांगते, तो या सगळ्यांच्या आधीचा. मालती तेव्हा यायची होती.

कुसुमताई खोली पाहायला आली, त्या दिवशी काकूंनी तिला गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग थेट जात. ती सरळ उभी राहून म्हणाली, "आमी बौद्ध." तिच्या घरच्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच धम्म स्वीकारला होता. काकू म्हणाल्या, "नर्स घरात असलेली बरी. खोली घे. पण माठाले हात लावू नको, आन् स्वयंपाकघरात येऊ नको."

कुसुमताईच्या मानेवरची शीर ताठ झालेली मी पाहिली. गावात दुसरीकडे तिला खोलीच मिळाली नव्हती. ती राहिली. स्वतःची घागर, स्वतःचा स्टोव्ह, पुढे तिघींचा झाला तोच. काकू तिला 'नरसबाई' म्हणायच्या आणि ती काकूंशी कामापुरतं बोलायची. मला एकदा म्हणाली, "महिनाभर पाह्यतो, सुमन. मंग दुसरी जागा."

महिना व्हायच्या आतच काकूंना ताप भरला. चांगला सणकून. मुलाला तार केली, पण तो येईपर्यंत काय? दोन दिवस मी शिजवायची आणि काकू तोंड फिरवायच्या. तिसऱ्या दिवशी उठवेना त्यांना. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. माझी ड्यूटीची वेळ झाली होती. चप्पल घालून मी दारात उभी, पाय निघेना.

कुसुमताई रात्रपाळी करून दवाखान्यातून येत होती. तिनं काकूंची नाडी पाहिली आणि ती आपल्या खोलीत गेली. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं ती कण्यांची पातळ पेज वाटीत घेऊन आली आणि काकूंच्या उशाशी बसली.

काकूंनी वाटीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटून घेतले.

कुसुमताईनं वाटी तशीच पुढं धरली. "काकू, तुमी दवाखान्यात आल्या असत्या, तं माया हातानंच प्याल्या असत्या का नाई?"

काकूंनी विचार केला. अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तिथं मी बेशुद्ध राह्यलो असतो ना, माय."

"मंग मिटा डोळे."

काकूंनी डोळे मिटले.

कुसुमताईनं चमचा लावला. एक घोट गेला. मग दुसरा. मी दारातून हललेच नव्हते. वाटी पार रिकामी झाली, तरी काकूंचे डोळे मिटलेलेच.

"संपली, काकू."

काकूंनी एक डोळा उघडला. वाटीच्या तळाकडे पाहिलं.

"मीठ कमी होतं वं, कुसुम. आता दुसऱ्या वाटीत टाकून आण."