क्लचचा पाय

गंगाखेडला एका हाडांच्या दवाखान्यात मी प्लास्टर घालतो. वीसेक वर्षं झाली. कापलेलं प्लास्टर रोज कचऱ्यात जातं, पण ते घालता-कापताना जे ऐकलं ते डोक्यात साचत राहतं. तुम्ही चहा सांगा, मी एकेक काढतो.

आमच्याकडं जास्त करून ट्रॅक्टरवाले येतात. डांबरी रस्त्यावर ही माणसं शहाण्यासारखी चालवतात. एकदा का शेतात उतरली की संपलं.

*

ट्रॅक्टरवाला शुद्धीवर आला की स्वतःचं काही विचारत नाही. एकाचं मनगट मोडलं होतं. डोळे उघडले आणि म्हणाला, "ट्रॅक्टर कसा हाय?"

आमचे डॉक्टर या प्रश्नावर फार चिडतात. "अरे, आधी स्वतःचा हात बघ. लोखंड काय, उद्याही जोडता येतं."

त्याच्या भावानं मला बाजूला घेतलं. "कांबळे मामा, मनगटाचं काय ते खुशाल सांगा त्याला. बोनट फुटल्याचं तेवढं सांगू नका. सोसायचं न्हाई."

*

दोघं चुलतभाऊ. पाच एकर मोकळं रान, मध्ये ना झाड ना विहीर. त्यात दोनच ट्रॅक्टर आणि ते समोरासमोर धडकले!

डॉक्टरांनी थोरल्याला विचारलं, "दिसला नाही का?"

"दिसला की. म्हणलं धाकटा हाय, वळंल."

धाकटा शेजारच्या कॉटवरून म्हणाला, "मी नांगरायलो होतो, ह्यो रिकामा. वळायचं रिकाम्यानं."

मग एक्स-रेला आधी कोण जाणार, यावर दोघं अडून बसले. शेवटी तिसऱ्याच पेशंटचा काढला.

*

उसाच्या फडातून एक ड्रायव्हर आला. मोडलेल्या नडगीला तोडणीच्या बायांनी दोन्हीकडून उसाची कांडी लावून रुमालानं घट्ट बांधलं होतं. डॉक्टर बेहद्द खूश. "याला म्हणतात प्रथमोपचार. ते ऊस ठेवा, दुपारी नर्सिंगच्या मुलींना दाखवू."

दुपारी मुली आल्या तर कॉटखाली नुसता चोथा.

"सकाळपासनं उपाशी ठिवलंय मला," पेशंट म्हणाला.

उपाशी ऑपरेशनसाठी ठेवला होता. ते मग दुसऱ्या दिवशी झालं.

*

ज्ञानोबाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बांधावरून ट्रॅक्टर मागं घेताना उभ्या ट्रॉलीवर आदळला आणि डावा घोटा मोडला. डावा, म्हणजे क्लचचा. घर त्या ट्रॅक्टरवर चालतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, तर बाराव्या दिवशी पठ्ठ्यानं कोयत्यानं फोडून रान गाठलं. परत आला तेव्हा पाय सुजून टम्म.

डॉक्टर ओरडले नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली. "ज्ञानोबा, आता हाड वाकडं जुळलं तर जन्मात क्लच दाबता येणार नाही." दाराशी त्याची बायको सखूबाई उभी होती. तिच्याकडं बघवेना.

नवं प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी ट्रॅक्टरची किल्लीच जमा करून माझ्या खोलीत खिळ्याला लावली. चौथ्या दिवशी सखूबाई रडकुंडीला येऊन सांगायला लागली, "माझ्या दिराची किल्ली लावून स्टार्टर मारायला बसले हुते. मी वढून खाली उतरवलं." एका कंपनीच्या ट्रॅक्टरांना एकमेकांच्या किल्ल्या चालतात, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून उतरली ती ट्रॅक्टरची सीट घेऊनच. स्वतः नट खोलले होते. "हे ठिवा इथं. आता कशावर बसतेत बघते."

ज्ञानोबा तपासायला आला की माझ्या खोलीत त्या सीटवरच बसायचा.

*

सहा आठवडे भरले. मी प्लास्टर कापलं, एक्स-रे काढला. हाड सरळ जुळलेलं. ज्ञानोबानं पंजा हळूच खाली दाबला, क्लच दाबावा तसा. सखूबाईनं डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात बाहेर गडबड झाली आणि लोकांनी डॉक्टरांनाच उचलून आत आणलं. त्यांनी नवी जीप घेतली होती. कुठं कुठं चढते ते बघायला सकाळीच गोदावरीच्या काठाला घातली आणि उभ्या ट्रॅक्टरवर नेऊन आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

मी शर्ट कापायला कात्री घेतली. डॉक्टरांनी डोळे उघडले. "कांबळे, गाडी कशी आहे?"

ज्ञानोबानं सखूबाईकडं बघितलं.

भूल देणाऱ्या मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस. त्यांनी एक्स-रे बघितला, हात गळ्यात बांधायला सांगितला आणि जीपची किल्ली माझ्यापुढं धरली. "सहा आठवडे. लावा खिळ्याला."

ज्ञानोबा उठला. आपली सीट बगलेत मारून दारापर्यंत गेला आणि वळला.

"म्याडम, किल्लीनं भागत न्हाई. पाना लागला तर माझ्याकडं हाय."